डेक विकणे आहे

आमच्या पुढच्या खोलीत लाकडाचे दोन उभे बॉक्स होते, माझ्या कमरेच्या वर येतील एवढे. दोन्हींच्या मधे टेबल, टेबलावर अँप्लिफायर, त्यावर कॅसेट लावायचं यंत्र आणि सगळ्यावर विणलेला रुमाल. या सगळ्याला मिळून आम्ही डेक म्हणायचो. घरात कुणाचं लहान मूल आलं की पाणी विचारायच्या आधी सांगायचं, तिकडं हात लावायचा नाही. मांजराला सांगता येत नाही म्हणून मांजर पाळलं नाही.

डेक मालकांचा. मालक म्हणजे माझे यजमान. दौंडला ते वायरमन होते, पाण्याच्या मोटारी भरायचे, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचे. तिथल्या एका रेल्वेच्या साहेबाची बदली झाली आणि त्याला एवढं ओझं बरोबर न्यायचं नव्हतं. मालकांनी ते हातगाडीवर घालून आमच्या भाड्याच्या खोलीवर आणलं. गाडी त्यांनी ओढली, मागून बॉक्स मी धरले. मग त्या खोलीत आम्ही पाय दुमडून झोपायला शिकलो. पुढं गावाकडं, वडगाव रासाईला घर बांधलं, तेव्हा पुढच्या खोलीचं माप डेकवरून काढलं आणि उरलं ते स्वयंपाकघराला दिलं. तिथं अजून दोन बायका एका वेळी वळत नाहीत.

मला गाण्याचं वेड नाही. भाकरी थापताना कानावर आलं तर ऐकलं. पण आवाज चांगला होता, हे खोटं का बोलू. तबला वाजला की ताटं मांडलेली फळी थरथरायची.

मग मालकांचे कान गेले. एकदम नाही गेले. आधी डेकचा आवाज वाढला, मग टीव्हीचा. मग ते डेअरीवर थांबेनासे झाले. आधी दूध घालायला गेले की तासभर तिथंच बसायचे. आता किटली रिकामी केली की घरी. मी एकदा मुद्दाम मागं गेले आणि पाहिलं. माणसं बोलत होती, हसत होती, आणि मालक सगळ्यांचं हसून झाल्यावर हसत होते. कुणीतरी म्हणालं, "आबा, लक्ष कुठं हाय?" तेव्हापासून थांबणं बंद.

उसाच्या ट्रॅक्टरचंही असंच. ट्रॅक्टर मागून हॉर्न देतोय आणि हे रस्त्याच्या मधोमध. ड्रायव्हर घरी येऊन मला म्हणाला, "आजी, आबांना एकट्याला सोडत जाऊ नका. माझ्या हातून काही व्हायला नको."

मी मालकांना म्हटलं, "अवो, दौंडला कानाचा डॉक्टर हाय. दाखवून येऊ."

"मला काय झालंय? लोकच तोंडातल्या तोंडात बोलत्यात हल्ली."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. लोक तोंडात बोलतात. मोबाइलमधून नीट आवाज येत नाही. कॅसेटींचा दम गेला. एक दिवस म्हणाले, "डेकात आता मजा राहिली न्हाई. इकून टाकू."

"आधी कान दाखवा, मग डेक इका."

ते डेकवरचा रुमाल सारखा करत राहिले. त्यांना ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, हे आता कळायला मार्ग नव्हता. डेक राहिला काय आणि गेला काय, मला सारखंच. मला त्यांना दौंडला न्यायचं होतं. बोलायला माणूस नसलेला माणूस घरात दिवसभर बसला की काय होतं, ते मी माझ्या सासऱ्यात पाहिलं होतं. ते शेवटी भिंतीकडं तोंड करून बसायचे.

मुलगा आणि सून कारेगावला राहतात. मुलगा तिथल्या कंपनीत आहे. सुट्टीला दोघं आली तेव्हा सुनेनं मोबाइलवर डेकचे फोटो काढले. जुन्या वस्तू विकायचं एक अ‍ॅप असतं, त्यावर टाकायचं ठरलं. भंगारवाल्याचं नाव काढलं तर मालक जेवायचे नाहीत, म्हणून ही वाट. मालकांनी मजकूर सांगितला आणि सुनेनं लिहिला.

"लिही, आवाज एकदम काचेसारखा. दोन्ही बॉक्स ओके. जबाबदारी माझी."

मी बाजूला मेथी निवडत होते. मी म्हटलं, "उजवा बॉक्स खरखरतोय. ते पण लिही."

"काय म्हणती ती?" मालकांनी सुनेला विचारलं.

सून मोठ्यानं म्हणाली, "मामा, आत्या म्हणतात उजवा बॉक्स खरखरतो."

"तिला काय कळतंय त्यातलं? मी रोज ऐकतोय."

मी मेथी निवडत राहिले. मालकांना असं बोलायचा हक्क होता, हेही सांगते. दौंडला शेतकरी मोटार घेऊन यायचे. मालकांनी जळली म्हटलं तर जळली, नाही म्हटलं तर नुसतं तेल घालून परत. दुसरीकडं कुणी विचारायला जायचं नाही. त्या एका शब्दावर आमचं घर चाललं. आता तोच शब्द त्यांनी डेकबद्दल दिला होता आणि मला ठाऊक होतं तो चुकीचा आहे.

जाहिरातीत फोन नंबर माझा दिला, कारण मालकांना फोनवर काही उमगत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. मला वाटलं होतं, माल दाखवायचा, घेणाऱ्यानं घ्यायचा, नाहीतर जायचं. आठवडी बाजारात असंच असतं. इथं तसं नव्हतं. इथं माणूस दिसत नाही आणि नमस्काराच्या आधी विचारतो, "लास्ट किती?" अरे, पहिला आकडा तरी ऐक.

निम्म्या पोरांना तो डीजे वाटला.

"आजी, हळदीला भाड्यानं मिळंल का?"

"भाड्यानं न्हाई. इकायचाय."

"मग बेस किती मारतोय? पत्रं हालत्यात का?"

"आमचं घर स्लॅबचं हाय. न्हाई हालत."

एकानं डेकच्या बदल्यात गाभण शेळी देऊ केली. मी फोटो मागितला. शेळी गाभण नव्हती, पोटानं फुगलेली होती. असली अदलाबदल मला कशाला शिकवतो.

जे मेसेज लिहायचे ते मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. मला मराठी अक्षर वाचता येतं, हे नाही. मग मी तो मेसेज सुनेकडं पाठवायचा, तिनं फोन करून वाचून दाखवायचं, आणि त्यात असायचं काय, तर "आहे का?" आहे म्हणून तर टाकलाय.

काही लोक खरंच निघायचे. जाहिरातीत शिरूर दिसायचं, म्हणून ते शिरूरच्या स्टँडवर उतरायचे आणि फोन करायचे, "आलोय, कुठं यायचं?" शिरूर हा तालुका आहे आणि आम्ही त्याच्या पार या टोकाला भीमेकाठी, हे ऐकलं की फोन बंद. एकानं मलाच झापलं, की एवढ्या लांब राहायचं तर विकायला काढायचं कशाला.

एक हिंदीवाला फारच गोड होता. वस्तू न बघता पसंत. पूर्ण पैसे आगाऊ देतो म्हणाला. "माताजी, मैं कोड भेज रहा हूं, आप स्कॅन करके बटन दबाओ, पैसा आ जायेगा."

मी म्हटलं, "पैसा तुम देनेवाला, तो बटन मैं कायको दाबू?"

"सिस्टम ऐसा है माताजी."

"हमारे गाव का सिस्टम ऐसा हाय, पहिले आके वस्तू देखने का."

त्यानं मला एक शिवी दिली. मी पण एक दिली, माझी जास्त जुनी होती. मालकांनी विचारलं, "कोण व्हतं?" मी म्हटलं, "गिऱ्हाईक."

मग पुण्याहून एक माणूस खरोखर आला, स्वतःच्या गाडीनं. त्याला डेकची माहिती होती. त्यानं रुमाल काढून घडी करून ठेवला, तेव्हाच मला बरा वाटला. सोबत आणलेली वायर जोडून त्यानं मोबाइलवरचं गाणं लावलं आणि दोन्ही बॉक्ससमोर जमिनीवर मांडी घालून बसला. मी चहा ठेवला. गाणं संपायच्या आत तो म्हणाला, "काका, उजव्या बॉक्समधून आवाज येतोय."

मालक म्हणाले, "येणारच की. आवाज यायलाच घेतलाय."

"तसं नाही. खरखर येतेय. काहीतरी सुटलंय आत."

मालकांना एवढं मात्र कळलं की हा खोट काढतोय. म्हणाले, "भाव पाडायला काहीबी बोलू नका. मी वायरमन हाय."

तो माणूस माझ्याकडं बघायला लागला. मी मान हलवली, खरखर येते म्हणून. मालकांनी ते पाहिलं. पुण्याचा माणूस चहा न घेता उठला. एवढ्या लांबून आला होता, त्याची चूक नव्हती. जाताना म्हणाला, "जाहिरातीत खरं लिहायचं असतं."

त्यानं अ‍ॅपवर तक्रार केली आणि आमची जाहिरात उडाली. सुनेचा फोन आला, "आत्या, खोटी माहिती दिली म्हणून काढलीय." मालक विचारत राहिले, काय म्हणतीय, काय म्हणतीय. त्यांना ते ओरडून सांगावं लागलं आणि गल्लीनं ऐकलं. असली गोष्ट कुजबुजून सांगायची असते. पण आमच्या घरात कुजबुजायची सोय राहिली नव्हती.

"माझ्या नावावर खोटं?" एवढंच ते म्हणाले. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले. डेक लावला, आवाज पूर्ण वाढवला आणि समोर बसले. उजवा बॉक्स खरखरत होता. शेजारची बाई दारात येऊन मला खुणेनं म्हणाली, कमी करा. मी खुणेनं म्हटलं, तूच सांग.

मी सुनेला फोन करून सांगितलं, "जाहिरात परत टाक. आन् लिही, उजवा बॉक्स खरखरतोय."

"मामांना विचारू का?"

"इचारू नगं."

यानंतर फोन कमी आले. खोट सांगितली की गिऱ्हाईक पांगतं. पण एक जोडपं आलं, कारेगावहून. तो तिथं कंपनीत मशीनवर होता, मूळचा बीडकडचा. मित्राचा छोटा टेम्पो घेऊन आला होता. बायको पुढं बसून आली होती आणि उतरल्या उतरल्या मला म्हणाली, "मावशी, खोलीत आम्हाला झोपायला जागा न्हाई आन् ह्यास्नी डेक पायजे."

मी म्हटलं, "पाय दुमडून झोपायचं. जमतंय."

नवऱ्यानं गाणं लावलं. डोकं तिरकं करून ऐकलं. म्हणाला, "मामा, खरखर तेवढी दुरुस्त होईल का?"

मालकांचा चेहरा उतरला. "कसली खरखर? तुला कुणी पाठवलं?"

"तुमीच लिवलंय की मामा. हे बघा." त्यानं मोबाइल पुढं धरला. मालकांनी चष्मा शोधला, लावला आणि वाचलं. मग माझ्याकडं वळले.

"हे कुणी लिवलं?"

"मी लिवायला सांगितलं."

"माझ्या माघारी?"

"तुमच्या म्होरंच सांगितलं व्हतं. मेथी निवडताना. ऐकलं न्हाई तुमी."

खोलीत गाणं चालू होतं. बीडवाल्यानं ते बंद करायला हात पुढं केला तर मालक म्हणाले, "राहू दे." ते उठले आणि डाव्या बॉक्सच्या वरच्या फळीवर त्यांनी पंजा ठेवला. सबंध पंजा, बोटं पसरून. दौंडला असताना मोटार चालू केली की ते तसाच हात ठेवायचे. बेअरिंग गेलंय का, हे त्यांना हाताला कळायचं. शेजारी दुसरा कारागीर कान लावून बघायचा आणि हे त्याला हसायचे. किती वर्षांनी तो हात तसा ठेवलेला मी बघत होते.

डाव्यावरून हात उचलून त्यांनी उजव्यावर ठेवला, वर, मग कडेला, मग खाली वाकून तळाशी. तिथं हात बराच वेळ राहिला.

"बंद कर," ते म्हणाले. "ह्याच्यात काहीतरी नाचतंय."

पेटीतून त्यांनी पेचकस काढला. मोठा स्पीकर सोडवला आणि वायरीसकट हळू बाहेर घेतला. बॉक्स आडवा करायला बीडवाल्यानं हात लावला. बॉक्स कलला आणि आवाजासाठी खाली ठेवलेल्या वाटीएवढ्या भोकातून फरशीवर तांदूळ सांडले. थोडेथोडके नाहीत, चांगली ओंजळ. कुंकवानं लाल झालेले, काही काळे पडलेले. त्यामागून सुपाऱ्या घरंगळत आल्या आणि एक हळकुंड.

बीडवाल्याची बायको म्हणाली, "अगं बया, ह्याच्यात कुणी पूजा घातली?"

मला कळलं आणि मी हसू दाबायला तोंडाला पदर लावला. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा असते. विळा, कोयता, पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर, सगळ्याला हळदकुंकू. डेकची पूजा मालक स्वतः करायचे, मला करू द्यायचे नाहीत. उजव्या बॉक्सला उजवा म्हणून मान. वरती ठेवलेल्या अक्षता रुमालावरून ओघळतात म्हणून ते त्या भोकात ठेवायचे. मी एकदा विचारलं होतं तर म्हणाले होते, "यंत्राला खायाला तोंड नको का?" डेक खात राहिला आणि हे दरवर्षी घालत राहिले.

मालक उकिडवे बसून फरशीवरचे तांदूळ बघत होते. मग तेही हसायला लागले. हसताना त्यांचे खांदे हलतात, आवाज होत नाही. बीडवाल्याला म्हणाले, "तुमच्या कंपनीत असं न्हाई चालायचं."

"न्हाई मामा. आमच्या मशीनला नुसता हार."

मी केरसुणीनं सगळं गोळा केलं. त्यांनी आतून फडकं फिरवलं, स्पीकर बसवला, पेच आवळले. गाणं परत लावलं. मला लगेच कळलं. तबला मोकळा झाला होता. बीडवाला हसला. त्याच्या बायकोनंही मान डोलावली, आणि ती तर डेकच्या विरोधात आलेली.

मालकांनी तिला विचारलं, "पोरी, फरक पडला का?"

"लय पडला मामा." मग तिच्या लक्षात आलं आणि ती मोठ्यानं म्हणाली, "लय!"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

ते बॉक्ससमोर खुर्ची ओढून बसले. कान पुढं केला. आधी एक, मग दुसरा. बीडवाल्यानं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. आम्ही तिघं उभे होतो. गाणं संपलं तेव्हा मालक म्हणाले, "मला मघाशी होतं तसंच वाटतंय."

त्या पोरीनं माझा हात धरला. मला असलं आवडत नाही, पण काढून नाही घेतला.

मालक उठले आणि डेकचा रुमाल झटकून त्यांनी बीडवाल्याच्या हातात दिला. "धूळ बसू देऊ नको." भावावर दोघांत काही बोलणं झालं नाही, बीडवाल्यानं जाहिरातीतला आकडा मोजून दिला. बॉक्स टेम्पोत चढवताना मालकांनी स्वतः दोर बांधला आणि बीडवाल्यानं बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधली. टेम्पो वळल्यावर ते घरात आले. भिंतीवर बॉक्सच्या जागी दोन पांढरे चौकोन राहिले होते, ते बघत म्हणाले, "दौंडला कवा जायचं म्हणत होतीस?"

"उद्या."

"उद्या गुरुवार. माझा उपास."

"मग? उपास तोंडाचा, कानाचा न्हाई."

दौंडच्या डॉक्टरनं मालकांच्या कानावर टोप्या चढवल्या आणि आवाज आला की बोट वर करा म्हणून सांगितलं. मी काचेतून बघत होते. बोट बराच वेळ खालीच असायचं. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाला, "आजोबा, इतके दिवस काय करत होता?" मालक म्हणाले, "डेक ऐकत होतो."

मशीन कानामागं बसतं. पहिल्या दिवशी ते वैतागून गेले. पिशवी किती वाजते, नळ किती वाजतो, तू पाय घासत चालतेस. मी म्हटलं, तीस वर्षं घासतेय. चारदा काढून ठेवलं, चारदा मी परत घालायला लावलं. हळूहळू बसलं. आता माझ्या ओरडण्याचा त्यांना त्रास होतो आणि मला ओरडायची इतकी सवय झालीय की हळू बोलताना मध्येच घसा बसल्यासारखा होतो.

डेक विकला तरी फोन थांबले नाहीत. जाहिरात तशीच होती. एकदा माझे हात पिठात होते आणि फोन वाजला. मालकांनी उचलला, कानाच्या जरा वर धरला, डॉक्टरनं दाखवला होता तसा.

"हां, बोला... डेक? डेक गेला की... कारेगावला... कुठनं बोलताय? वरवंडचे? वरवंडला तळ्याकडं का हायवेला?... अरे, तुमच्या तिथं एक मोटारीवाले होते, मी त्यांच्याकडं शिकलो... हां... गेले? कवा?"

तो माणूसही रिकामाच असणार. बोलणं कांद्यावर गेलं, मग पाण्यावर. तेव्हापासून फोन वाजला की तेच उचलतात. "लास्ट किती" म्हणणाऱ्याला आधी गाव विचारतात. शिरूरच्या स्टँडवर उतरलेल्या एकाला त्यांनी परत जायची एसटी कुठं लागेल ते सांगितलं आणि वर म्हणाले, इकडं आलात कधी तर या, डेक नसला तरी चहा आहे. हळदीवाल्या पोरांना ते विचारतात, लग्न कुणाचं.

सून म्हणाली, "आत्या, जाहिरात काढून टाकते आता. तुम्हाला उगाच त्रास."

मी मालकांना विचारलं, साध्या आवाजात.

"राहू दे," ते म्हणाले. "कुणाची अडचण हाय?"

अडचण माझीच आहे. संध्याकाळचा चहा केला की नेमका फोन येतो. काल मी आतून म्हटलं, "चहा निवतोय." त्यांना ऐकू गेलं. त्यांनी माझ्याकडं न बघता हात वर केला, थांब म्हणून, आणि फोनवरच्या माणसाला विचारलं, "मग पाऊस हाय का तिकडं?"